चुलीतून ओढलेलं लाकूड

नट-बोल्टांना मुलामा देणारा कारखाना बंद पडला, तोवर मागच्या मैदानाच्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू मुरला होता. तिथे वाळुंजाची झाडं लावली. झाडं मुळांवाटे तो धातू ओढून घेणार, मग ती तोडून लांबच्या खास भट्टीत जाळायची, असं ठरलं. गळलेली पानं कुजली तर विष परत मातीत, म्हणून ती गोळा करायला आणि झाडांची राखण करायला शेजारच्या वस्तीतल्या काकूंना नेमलं. त्या पूर्वी याच कारखान्यात पेट्या भरायच्या. त्यामुळे जळणासाठी फांद्या मागायला येणारे सगळे ओळखीचेच.

"एवढी हिरवीगार झाडं, आणि म्हणे विषारी! विष असं दिसतं का?"

"दिसलं असतं तर मला कशाला ठेवलं असतं?" काकू म्हणायच्या. भीड भिकेची बहीण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका थंडीत कुंपणाची तार वाकलेली दिसली. सांडलेल्या काटक्यांचा माग थेट काकूंच्याच घरी गेला. घर एक, स्वयंपाकघरं दोन. पलीकडे थोरली जाऊ चुलीपाशी शेकत बसली होती. काकूंनी चिमट्याने जळतं लाकूड ओढलं आणि बादलीत बुडवलं.

"माझ्या चुलीत हात घालतेस?"

"ताई, झाडानं मातीतून काढलं तेच या धुरात आहे."

"त्या कारखान्यात जन्म काढलास, तेव्हा नाही सुचलं हे?"

काकूंना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

दोघींनी अबोला धरला. काकूंनी चोरीची तक्रार केली नाही. मात्र नुसतं 'नको' म्हणून कुणाला ऊब मिळत नाही, हे त्यांना डाचत राहिलं. सुताराकडचे उरलेले तुकडे मागून आणून त्या जावेच्या दाराशी ठेवू लागल्या. आधी ते तसेच पडून राहायचे. मग हळूहळू नाहीसे होऊ लागले.

झाडं तोडून ट्रक गेले, त्या दिवशी जाऊ कुंपणापाशी आली. मातीची तपासणी झाली होती. विष कमी झालं होतं, पण भाजी लावण्याइतकं नाही. बुंध्यांना नवे फुटवे येऊ द्यायचे, वाढले की पुन्हा तोडायचे.

"आपल्या हयातीत होईल का गं?"

"नाही व्हायचं बहुतेक."

जाऊने पदर खोचला. मग म्हणाली, "माझ्या मापाचे हातमोजे आहेत का तुझ्याकडे?"

पुढच्या पानगळीत मैदानात दोघी होत्या. कुणाची बाजू नीट झाडली गेली, यावरून भांडत.