बार म्हणजे बाहेर

न्हाणीघराची खिडकी मीच बुजवली, हे आधी सांगून टाकते. घरात कोणी तसं बोलून दाखवत नाही, कारण माझा राग सगळ्यांना माहीत आहे. चिकूचे क्रेट ठेवायला मागच्या अंगाला एक खोली हवी, हा हट्ट माझा. खोली झाली आणि न्हाणीघराची एकुलती एक खिडकी तिच्या भिंतीमागे गेली. वर मीच ऐटीत म्हणाले होते की आंघोळीला खिडकी कशाला लागते, उजेड असो नसो, पाणी ओतलं की माणूस ओला होतोच.

आमचं घर डहाणूजवळ चिखल्याला, चिकूच्या वाडीत. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. रोज तलासरीजवळच्या शाळेत शिकवायला जाते. नवरा वापीच्या कारखान्यात पाळीवर असतो, त्यामुळे घरात बहुतेक वेळ मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. बाबांना आंघोळीला कढत पाणी लागतं. कोमट पाण्याला ते पाणीच मानत नाहीत.

गेल्या थंडीत गिझरच्या वाफेने कोंदलेल्या त्या खोलीत त्यांना घेरी आली. मी शाळेत होते. आतून कडी, बाहेर सासूबाई हाका मारताहेत आणि आतून उत्तर नाही. शेवटी वाडीतल्या गड्याने धक्के मारून कडी उचकटली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाची गोळी, कढत पाणी आणि कोंडलेली हवा, तिन्ही एकत्र आली. पाणी जरा कमी तापवा आणि हवा खेळती ठेवा. सासूबाईंनी एवढंच ऐकलं की दार बंद करायचं नाही. त्या दिवसापासून कडी लावणं बंद. दार अर्धं उघडं आणि उंबऱ्यापाशी पाटावर सासूबाई भाजी निवडत पहाऱ्याला.

त्यानंतर बाबांचं काहीतरी बिनसलं. मी शाळेला निघाल्याशिवाय ते आंघोळीला जाईनात. रविवारी तर दुपार उलटली तरी पारोसेच. सकाळी समोरासमोर आलो की खाली बघून निघून जायचे. मी मनात म्हणायची, वय झालं की माणूस आळशी होतो. एकदोनदा मोठ्याने म्हणालेही.

यंदा जानेवारीत शाळेला सुट्टी होती, त्या दिवशी मी वाडीत गेले, तर बाबा पंपाच्या पाइपाखाली बसून गार पाण्याने आंघोळ करत होते, लुंगी नेसून, दातांवर दात आपटत. मी तशीच मागे फिरले आणि घरी येऊन सासूबाईंवर तोंड सोडलं. म्हटलं, घरात गिझर असताना हे काय खूळ, न्यूमोनिया झाला तर कोण निस्तरणार? सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं.

"तू घरात असलीस की त्यांना दार उघडं ठेवून न्हायची लाज वाटते. तुला मागच्या अंगणात जायचं तर त्याच दारावरून जावं लागतं ना."

मला इतकी शरम वाटली की मी धुतलेलीच भांडी पुन्हा घासली. खिडकी मी बुजवली, दार त्यामुळे उघडं पडलं, आणि वर त्यांना आळशीही मीच म्हणत होते. आता ते दार बंद व्हायला हवं होतं आणि ते मीच करून द्यायला हवं होतं.

क्रेटची खोली पाडायचं म्हटलं तर नवरा नको म्हणाला, ऐन हंगामात माल कुठे ठेवणार? मग राहिला भिंतीत बसवायचा पंखा. न्हाणीघराची एकच भिंत अजून बाहेरच्या बाजूला होती, वांग्यांच्या वाफ्याकडची. डहाणूला स्टेशनजवळ एका गुजराती शेठचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथे गेले. शेठने आधी लोखंडी पंखा दाखवला. मी म्हटलं, समुद्राकाठी लोखंड म्हणजे दोन वर्षांत गंजाची पूड, प्लास्टिकचा दाखवा. आमच्या न्हाणीघराला आठ इंची पुरेल, असं त्यांनी सांगितलं आणि दोन तसले पुढे ठेवले. एक, बटण फिरवलं की बाहेरची हवा आतही आणणारा, दुसरा नुसता हवा बाहेर फेकणारा, मागे आपोआप मिटणारी झडप असलेला, म्हणजे पंखा बंद असताना पाल आत यायला नको. घरी विचारून फोन करते म्हणाले.

आता माझ्या गुजरातीबद्दल. इथे बाजारात सगळे मराठी, गुजराती, हिंदी अशी मिसळ बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. पण मी बाई, चार वाक्यं शिकले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. शेठशी मराठीत बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मी फोनवर ऐटीत म्हणाले, "पेलो बारवाळो मोकलजो." तो बाहेरवाला पाठवा. शेठने विचारलं, "बार? पाकुं ने?" नक्की ना? मी म्हटलं, हा, हा, बार ज.

आशागडच्या गवंड्याला बोलावून आठ इंचांचं भोक पाडून घेतलं. दिवसभर न्हाणीघरात विटांचा चुरा. संध्याकाळी रिक्षातून खोका आला. उघडला, तर आत हे एवढं धूड. पंखा भोकावर धरला तर भोक त्याच्या मागे पार दडून गेलं. गवंडी शहाणा, त्याने बाहेर जाऊन बिडी पेटवली.

मी शेठला फोन लावून झाडायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताई, तुम्हीच बार म्हणालात, मी पुन्हा विचारलंसुद्धा. बाराच इंची पाठवलाय. हवं तर परत घेतो, पण आठ इंची आता संपलेत, आठवड्याने येतील.

गुजरातीत बार म्हणजे बारा. आणि बाहेर म्हणजेही, बोलताना, बारच. मी कपाळावर हात मारला. ओटीवर आरामखुर्चीत बाबा बसले होते, ते हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग खोकला आला तरी हसणं थांबेना. गेल्या थंडीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. बाबांची प्राथमिक शाळा गुजराती, क्रेट मोजायला बसले की अजूनही त्यांच्या तोंडून गुजराती आकडे येतात. डोळे पुसून ते म्हणाले,

"बाय, बाहेर म्हणायचं तर थोडा श्वास सोडायला पाहिजे. तू श्वास धरलास, म्हणून बारा आले."

मग त्यांनी दोन्ही म्हणून दाखवले. एक बार कोरडा, एक बार आतून वाफ सुटावी तसा. मी म्हणून पाहिलं, मला दोन्ही सारखेच जमले. पंखा परत पाठवते म्हटलं, तर बाबांनी हात हलवला. आठवडाभर कोण थांबणार, भोकच मोठं करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गवंड्याने बिडी विझवली आणि पुन्हा छिन्नी घेतली. दोन टाइल फुटल्या. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं, त्या दिवशी तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने पंखा जोडला, बटण दाराबाहेर बसवलं. पंखा गरगरला. सासूबाईंनी परीक्षेला उदबत्ती आणली. दार उघडं होतं तोवर धूर सुरेख बाहेर जात होता. दार लावून बघितलं, तर पंखा नुसता घोंघावतोय आणि धूर जागच्या जागी घुटमळतोय. मी वायरमनकडे डोळे वटारले. फुटलेल्या टाइल बसवायला आलेला गवंडी दाराची खालची फट बोटाने चाचपत होता, म्हणजे फट नव्हतीच, लाकूड ओलीने फुगून लादीला टेकलं होतं. तो म्हणाला, "आत यायला वाट नाय, तं बाहेर जायल काय?" दार उतरवून खालून बोटभर तासलं. मग धूर असा निघाला की सासूबाईंनी हात जोडले.

दाराला नवी कडी बसली. मला वाटलं, झालं. पण सासूबाईंनी दुसरा मुद्दा काढला. एवढ्या आवाजात हे आत पडले तर मला काय कळणार? कडी लावायची नाही. बाबांचा चेहरा उतरला. मी वाद घालायला तोंड उघडलंही, पण त्यांची भीती खोटी नव्हती. हाका मारल्या होत्या त्यांनी.

बाबाच म्हणाले, "मी तांबे मोजतो. मोठ्याने. बारा तांबे, हिच्या पंख्याच्या मापाचे." आणि आकडा थांबला तर, सासूबाईंनी विचारलं. तर दार तोडा, म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली.

तो रविवार होता. मी घरातच, स्वयंपाकघरात नारळ खवत होते, आणि बाबा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोरून न्हाणीघरात गेले. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. सासूबाई पाटावर बसल्या, हातात गवारीच्या शेंगा, पण मोडत नव्हत्या.

"एक." पाणी पडलं. "बे." पंख्याच्या घरघरीवरून आकडा स्पष्ट येत होता. त्रण, चार, पांच. सातनंतर काहीच नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खवणी सोडून उठले. साबण लावत असणार, हे मला कळत होतं तरी उठले. मग आरामात, "आठ." सासूबाईंनी एक शेंग मोडली.

नव, दस, अगियार. आणि मग लांबलचक, मोकळा, भरपूर श्वास सोडून, "बार."

"बारा म्हणाले की बाहेर?" सासूबाईंनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत कडी निघाली. बाबा बाहेर आले, अंगावर स्वच्छ सदरा, केस चोपून बसवलेले. माझ्यापाशी थांबले, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चहा टाक, बाय."