शाळाबाह्य घरत सर

घरत सर वर्गात शिरले की टेबलाला टेकून उभे राहत आणि कुणीतरी काहीतरी विचारेपर्यंत तोंड उघडत नसत. मी पनवेलच्या त्या शाळेची मुख्याध्यापिका. व्हरांड्यातून फेरी मारताना एखादा वर्ग शांत असला की मला बरं वाटायचं. यांचा वर्ग शांत असला की धडकी भरायची. आत डोकावावं तर मुलं सरांकडे बघताहेत, सर मुलांकडे, आणि फळा कोरा. "सर, पोर्शन?" मी दारातूनच विचारायची. ते शांतपणे म्हणायचे, "मागितल्याबिगर वाढायचं नाय, बाई. पानात टाकलेलं वाया जातं."

मग कुणीतरी विचारायचंच. भिजलेल्या कपड्याचा रंग गडद का दिसतो, असलं काहीतरी. त्यावर सर जे सुरू होत ते विज्ञानाचा तास संपून हिंदीच्या बाई दारात ताटकळत उभ्या राहिल्या तरी थांबत नसत. त्या तक्रार घेऊन माझ्याकडे येत. सर मूळचे उरणजवळच्या जासई गावचे. पालकांशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत, पण त्यांच्या तत्त्वाला कुणी हात लावला की लगेच गावाकडच्या हाय-नायवर येत. माझ्याशी ते बहुतेक हाय-नायमध्येच बोलले.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण या गृहस्थांनी स्वतःची मुलगी शाळेत घातलीच नव्हती. पगार आमच्या शाळेचा, आणि तन्वी घरी! पालकसभेत एक बाई उठून म्हणाल्या, सरांच्या मुलीला शाळाच नाही, मग आमच्या मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून उभं का केलं? मी काय सांगणार, कपाळ? मी सरांनाच विचारलं, दिवसभर करते काय ती? सर विचार करून खरं तेच सांगायचे, हे सगळ्यात वाईट. "सध्या झोपते," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. एक वर्ष ती करंजाला आत्याकडे मासेमारीची जाळी विणायला जात होती. मग ते सुटलं आणि कोंबड्या आल्या. कोंबड्याही गेल्या. जरा थाप मारली असती, कम्प्युटर शिकते म्हणाले असते, तर पालकांचं समाधान झालं असतं आणि माझंही. मुलगी काही अलौकिक वगैरे नव्हती. चारचौघींसारखी होती, फक्त "कितवीत आहेस?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मग शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आलं. शाळेत न जाणारी मुलं दारोदार हिंडून शोधायची, हे काम दरवर्षी शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. घरत सरांच्या वाट्याला त्यांचीच गल्ली आली. दुसरा कुणी असता तर स्वतःचं दार सोडून पुढे गेला असता. सरांनी सुरुवात घरापासून केली. नाव तन्वी घरत, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अद्याप शाळा मागितलेली नाही.' तो कागद वर गेला आणि वरून फोन आला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष तर नुसते पेटले. जूनपर्यंत मुलगी वर्गात दिसली पाहिजे, नाहीतर सरांचा राजीनामा. आणि हे कोण जमवणार? बाई.

मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने चहा ठेवला आणि सांगून टाकलं की त्यांनी या दोघांपुढे केव्हाच हात टेकलेत. मी तन्वीला समोर बसवून काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांची नोकरी जाणार असेल तर मी येते."

मला हायसं वाटलं. प्रवेशाचा अर्ज मी पर्समध्ये घेऊनच आले होते. तो बाहेर काढते तोच सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग नको."

आता मात्र माझा तोल गेला. मुलगी स्वतःच्या तोंडाने हो म्हणतेय, आणखी काय हवं तुम्हाला, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"हो नाय म्हणाली, घाबरली ती," सर म्हणाले. "भिऊन शाळेत आलेली पोरं मी रोज बघतो, बाई. त्यात माझ्या हातानं आणखी एक नको."

मी अर्ज पुन्हा पर्समध्ये कोंबला आणि तणतणत बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर. आज शुद्धीवर येतील, उद्या येतील, म्हणून मी तो दाबून ठेवला. ते आले नाहीत. जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर गाड्यांच्या नोंदी घ्यायला लागल्याचं कळलं. नववीची मुलं मला विचारायला येत, सर कधी येणार? मला त्या माणसाची फार आठवण यायची, आणि आठवण आली की संताप यायचा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तन्वी एकटीच माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, प्रवेश हवाय. कुणी पाठवलं, असं मी विचारलं. कुणी नाही म्हणाली. घरी वाचून जेवढं कळायचं तेवढं कळलं, आता प्रयोग करून बघायचेत, आणि ते एकटीने होत नाहीत.

मी तिच्यासमोरच सरांना फोन लावला. मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वीच तिला येऊ दिलं असतंत तर काय बिघडलं असतं? पोरगी आपल्या पायांनी आलीय इथे. राजीनामा फुकट गेला तुमचा.

"फुकट कसा, बाई?" सर म्हणाले. "तवा ती माझ्यासाठी येत होती. आता तिची ती आली." आणि गाडी आली म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

वयाप्रमाणे नववी बसत होती. मी अर्ज पुढे केला, तिने तो नीट वाचला, सही केली आणि वर बघून विचारलं, "नववीला सायन्स कोण शिकवतं?"

"अजून कुणी मिळालेलं नाही," मी म्हणाले, आणि त्या माणसाचा मला पुन्हा एकदा भयंकर राग आला.