थांबते, पण उभी राहत नाही

धोंडूबाई पत्त्यांत लबाडी करतात, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांची बाजू घेतली की, या बाईला काही कळत नाही, असं कुणीतरी म्हणायचं. हातात मेंढी, म्हणजे दश्शी, असली की त्या पदर सावरतात आणि नसली की कपाळ खाजवतात. समोर भिडू म्हणून बसलेल्या सुनेला, रोशनीला, ते बरोबर समजतं. मी जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, पण हे समजायला मला वर्ष लागलं.

आगाशीत त्यांच्या वाडीला लागून आमची बिल्डिंग झाली. माझ्या बाल्कनीतून हात लांब केला तर त्यांच्या केळीला लागतो. निवृत्तीनंतर मी घरात नुसती चिडचिड करत बसले होते, तेव्हा एका दुपारी धोंडूबाईंनी खालून हाक मारली, "आशाताई, मेंढीकोट येते काय? एक गडी कमी हाय." मी चपला घालून खाली उतरले, ती आजतागायत रोज उतरते. माझे भिडू बॅप्टिस्टभाऊ. शेजारच्या वाडीतले, विधुर, बोलायला कंजूस आणि खेळायला पक्के.

त्या तासाची किंमत मला हळूहळू कळली. धोंडूबाई अंधारात उठतात. वाडीला पाणी, केळीच्या पानांच्या जुड्या, फुलं, न्याहारी, जेवण, भांडी. सासू होती तोवर सासूचं. दुपारी नवरा माल घेऊन जीपने विरारच्या बाजारात गेला की तो परत येईपर्यंतचा वेळ तेवढा त्यांचा.

नवरा म्हणजे काशीरामभाऊ. माणूस वाईट नाही, पण त्यांचं एक ठरलेलं होतं. घरात पत्ता दिसला की चुलीत. पत्त्यांनी घरं बुडतात, असं ते म्हणत. खरं कारण बॅप्टिस्टभाऊंनी मला सांगितलं. काशीरामभाऊंचं लग्न ठरलं तेव्हा मेव्हण्यांनी त्यांना डावाला बसवलं आणि चारही मेंढ्या घेऊन कोटावर कोट दिले. हे जेवणाच्या पानावरून उठून घरी गेले. तेव्हापासून पत्ते हे व्यसन झालं. हरणाऱ्याला वैराग्य फार लवकर येतं.

मग आमचा डाव इतकी वर्षं चालला कसा? जीपमुळे. त्या जुनाट जीपच्या मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते, आणि ते अशी किंकाळी फोडत की गावाच्या वळणावर भाऊंनी पाय दाबला की इकडे ओटीवर ऐकू येई. तेवढा वेळ आम्हाला पुरे. पत्ते सुपातल्या तांदळाखाली, रोशनीच्या हातात शेंगा, बॅप्टिस्टभाऊ केळींतून पसार, आणि मी म्हणजे लिंबं मागायला आलेली शेजारीण. जीप फाटकातून आत येईपर्यंत धोंडूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभ्या. नवऱ्याला वाटे, बायको किती वाट बघते आपली.

गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी ड्रममध्ये शिरलं, ब्रेक धरला नाही आणि भाऊंनी जीप बाजारातल्या भोपळ्यांच्या ढिगात घातली. भोपळे गेले, माणसं वाचली. त्याच दिवशी त्यांनी ओटीवर जाहीर केलं, "पुढचे डिस्क कवाच बसवलेत. आता मागचे पन बसवतो. पानी शिरनार नाय, आवाज नाय, काय नाय."

आवाज नाय, हे ऐकून रोशनीच्या हातातली शेंग खाली पडली.

भाऊ जेवायला आत गेल्यावर धोंडूबाई माझ्या कानाशी आल्या. "आशाताई, या घरात आल्यापासून माझं म्हनून एवढंच हाय," त्या म्हणाल्या. "ते जाऊ द्यायची नाय मी." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला भाऊंचीच काळजी वाटली.

मनवेलपाड्याला गॅरेज असलेला फ्लॉईड हे काम करणार होता, आणि फ्लॉईड बॅप्टिस्टभाऊंचा सख्खा पुतण्या. झालं. काकांचा निरोप गेला आणि फ्लॉईडला एकाएकी काही मिळेना. आधी डिस्क मिळेना, मग भंगारातल्या गाडीची कॅलिपर मिळाली तर ती बसवायची पट्टी लेथवाला करून देईना, मग लेथवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. शेवटी काशीरामभाऊ जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. तेव्हा फ्लॉईडचा नाइलाज झाला.

पण तो प्रामाणिक पोरगा आहे. त्याने भाऊंना समोर बसवून समजावलं. ड्रममध्ये ब्रेक आतून बाहेर दाबतो, डिस्कमध्ये कॅलिपर, चिमट्यात पापड धरावा तशी, फिरती थाळी दोन्ही बाजूंनी धरतात. तुमचा हँडब्रेक त्या ड्रमच्याच पोटात होता, ड्रम गेला की तोही गेला. हँडब्रेकवाली कॅलिपर हवी असतील तर थांबा, शोधतो.

"म्हंजे अजून एक लग्न," भाऊ म्हणाले. "नको. मी चाकाला दगड लावीन."

"काका, गिअरमध्ये ठेवली तरी तुमचा गिअर निसटतो. आनि तुमचं अंगन उताराचं. जीप थांबेल, पन उभी नाय राहनार."

"तू थांबायचं बघ. उभं राहायचं मी बघतो."

उतार कुठे जातो ते सांगायला हवं. भाऊंचं अंगण फाटकापासून उतरत थेट बावखलात जातं. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यांचं चांगलं खोल आहे.

जीप आली, आणि दुसऱ्याच दुपारी भाऊ माल घेऊन बाजारात गेले. रोशनी म्हणाली, "आई, आज नको." धोंडूबाईंनी पत्ते पिसले. "आजच्या दिवस तरी त्यांना बाजारात कौतुक सांगायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या पूर्ण ओळखत होत्या, फक्त त्या दिवशी बाजार लवकर उठला.

डाव रंगात आला होता. तीन मेंढ्या आमच्याकडे, चौथी कुठे आहे ते धोंडूबाईंच्या पदरावरून मला कळत होतं. मी मान वर केली तर पायरीशी काशीरामभाऊ उभे. जीप त्यांच्या मागे, गप्प. एवढी मोठी गाडी, इंजिन बंद, उताराने अंगणात आली आणि आम्हा चौघांना पत्ता नाही.

"हे चाललंय काय?" भाऊ म्हणाले.

लिंबं मागायला आले म्हणावं, तर माझ्या हातात बदामचा एक्का.

"माझ्या घरात. माझ्या मागं. कवापासून?"

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे जीप हलली. भाऊ आम्हाला पकडायच्या घाईत दगड विसरले होते. जीप उताराने, अगदी सावकाश निघाली, आणि नव्या ब्रेकचा गुण असा की काही म्हणता काही आवाज नाही.

"बाबा, जीप," रोशनी म्हणाली.

"विषय बदलू नको."

"अहो, मागं बघा," धोंडूबाई म्हणाल्या.

"मी मागं बघायचं आनि तुम्ही पत्ते लपवायचे? मला काय खुळा समजता?"

बॅप्टिस्टभाऊंनी पत्ते नीट जुळवून पालथे ठेवले. "काशीराम," ते म्हणाले, "तुझी जीप आंघोळीला चालली."

भाऊ वळले, पण त्याआधी धोंडूबाई ओटीवरून उतरल्या होत्या. बसायचा पाट उचलून, साडी एका हाताने आवरत, त्या जीपच्या मागून धावल्या आणि तो मागच्या चाकाखाली सारला. पाट कडकडला, तडकला, पण जीप थांबली. पाणी तिथून दोन हातांवर होतं. मग बॅप्टिस्टभाऊंनी दगड आणून लावला. भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. बायको चाकाजवळ गेली म्हणून की जीप गेली असती म्हणून, ते मी विचारलं नाही. पण त्यांनी आधी बायकोचा हात बघितला, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तरी खोड जात नाही. हात शाबूत आहे असं दिसल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून पत्ते दिसले तर चुलीत." धोंडूबाईंनी तडकलेला पाट उचलून ओटीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच खाली उतरले, तर ओटीवर पत्ते वाटून तयार. तांदळाचं सूपसुद्धा जवळ नव्हतं. आम्ही खेळायला लागलो. काही वेळाने फाटकातून जीप आत आली, अंगणाच्या मध्यावर थांबली आणि हॉर्न वाजला.

भाऊ आत बसले होते. पाय ब्रेकवर. खाली उतरावं तर जीप बावखलात. बाहेर उभी करावी तर रस्ता एवढा अरुंद की बस अडते. शेजाऱ्यांना हाक मारावी तर कालची गोष्ट गावभर. दगड पायरीशी होता, आमच्या पायाजवळ.

"दगड लाव गो कोनी," ते म्हणाले.

रोशनी उठायला लागली. धोंडूबाईंनी डोळ्यांनीच तिला खाली बसवलं.

"डाव होऊ द्या," त्या म्हणाल्या.

अंगणात बराच वेळ नुसतं इंजिन चालू होतं. इतकी वर्षं त्याच पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन ही बाई उभी राहिली होती, आणि आता तो माणूस तिच्यासाठी थांबला होता. मला त्याची दया यायला हवी होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. धोंडूबाईही त्या दिवशी एकेक पत्ता असा टाकत होत्या, जणू संध्याकाळच व्हायची नव्हती.

भाऊंनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते ओटीकडे बघत राहिले. एकदा घसा खाकरला. मग अंगणातून, जरा पडत्या आवाजात, त्यांनी विचारलं, "हुकूम कशाचा हाय?"

धोंडूबाईंनी पत्त्यांतून मान वर केली नाही.

"बदाम," त्या म्हणाल्या. "आनि ब्रेकवरचा पाय काढू नका."