दादाच्या बंडीचा खिसा

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराचं नातेवाइकांनी दुकानच करून टाकलं होतं. नव्वदच्या दशकात दुबईत संसार करणाऱ्या बहुतेक मराठी बायकांच्या वाट्याला हे काम यायचं. कुणाला मिक्सर, कुणाला व्हीसीआर, कुणाच्या जावयाला घड्याळ. "तू सांगशील तेच घेतो," असं म्हणायचे आणि मी शेफारून जायचे. खरं तर मला निवडायला आवडायचंच. चार दुकानं पालथी घालायची, सेल्समनचं डोकं खायचं, व्होल्टेज विचारायचं, वॉरंटी विचारायची आणि मग घरी येऊन निकाल द्यायचा. माझा निकाल चुकला असं कुणी म्हटलेलं मला खपायचं नाही. आमचे हे म्हणायचे, "बारशाला स्वतःचं नावही हिनंच चार नावांतून निवडलं असणार."

त्याच सवयीनं मी माझ्या सख्ख्या भावासाठी पिस्तूल निवडलं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. ठाण्याच्या पुढे तो लहानमोठ्या इमारती बांधायचा. फार मोठा बिल्डर वगैरे नव्हे, सकाळी स्वतः साइटवर जाऊन विटांवर पाणी मारणारा माणूस. एका जमिनीच्या कामावरून त्याला धमक्यांचे फोन यायला लागले. त्याच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराला त्याच्याच फाटकापाशी गोळी घातली, तेव्हा दादानं लायसन्ससाठी अर्ज केला. पोलिसांनी चौकशी केली आणि लायसन्स दिलंही. फोन करणारा माणूस दर वेळी म्हणायचा, "मी दुबईहून बोलतोय." खरं असेल, नसेल. त्या काळात नुसतं दुबई म्हटलं तरी समोरच्याला घाम फुटायचा. पण मी त्याच दुबईत राहत होते आणि रात्री दाराला कडी लावली का, हे बघायलाही उठत नव्हते. भाजी आणायला खाली उतरले की टेलिफोनच्या बूथमध्ये उभ्या असलेल्या माणसांकडे मी उगाच बघत राहायचे. आपण ज्या सुखात राहतोय ते कुठून तरी चोरून आणलंय, असं मला वाटायचं.

एके दिवशी दादाचाच फोन आला. "इथे दुकानात हातात घेऊन बघायला देतात गं, पण गोळी झाडून बघायला कोण देणार? तुमच्याकडे तो क्लब आहे ना, मागे म्हणाली होतीस तो?"

शहराबाहेर नेमबाजीचा एक क्लब होता. यांच्या ऑफिसातले लोक शुक्रवारी हौस म्हणून तिथे जायचे. आपल्यासारख्या परदेशी माणसाला तिथे पैसे भरून चार गोळ्या झाडता येत, घरी मात्र काही नेता येत नसे. मी लगेच म्हणाले, "ये की! आठ दिवस राहा. नीट बघून निवडू." मिक्सरसाठी जसं म्हणायचे, अगदी तसंच म्हणाले.

दादा व्हिजिट व्हिसावर आला. येताना आईनं दिलेल्या सांडग्यांचा डबा घेऊन आला. आईला त्यानं सांगितलं होतं की बहिणीला भेटायला चाललोय. फोनचं, लायसन्सचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिचं ब्लडप्रेशर असं होतं की भांडं पडलं तरी ती छातीवर हात ठेवायची. वहिनीला सगळं माहीत होतं, पण तिनंही तोंड शिवून घेतलं होतं.

शुक्रवारी आम्ही क्लबवर गेलो. तिथला सुदानी माणूस मोडक्या हिंदीत शिकवत होता. "यल्ला, चलो, सांस रोको, फिर दबाओ." आधी त्यानं दादाच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं. दादाचे हात गवंड्यासारखे, जाड बोटांचे. ते जड धूड त्याच्या हातात छान बसलं. त्यानं सहा बार काढले आणि कानांवरचं काढून माझ्याकडे बघून म्हणाला, "हे आवडलं मला. शर्टावरून कातडी पट्ट्यात लावायचं. समोरच्याला दिसलं की त्याचं बोलणं तिथेच खुंटेल. बाहेर काढायची वेळच येणार नाही."

मग पिस्तूल झालं. ते चपटं होतं, दादाची करंगळी त्याच्या मुठीखाली लोंबकळत होती. त्याचा वरचा भाग आधी मागे खेचायचा, मग चाप ओढायचा, हे सगळं त्याला किचकट वाटलं. त्या क्लबमधलं तंतोतंत आपल्याकडे मिळणार नव्हतं, पण भारतातल्या सरकारी कारखान्यानं बत्तीस बोअरचं एक चपटं पिस्तूल नुकतंच काढलं होतं, आणि ते याच मापाचं आहे असं दादानं चौकशी करून ठेवलं होतं.

गाडीत बसल्याबरोबर मी निकाल दिला. "पिस्तूलच घे. ते रिव्हॉल्व्हर मधोमध फुगलेलं आहे, शर्टाखाली टेंगूळ आल्यासारखं दिसेल."

"दिसू दे ना," दादा म्हणाला. "दिसावं म्हणूनच घ्यायचं."

"आणि आईला दिसलं तर?"

गाडी चालवता चालवता हे म्हणाले, "पॉइंट आहे हिचा. ऑन अ डेली बेसिस कॅरी करायचं तर फ्लॅटच बरं." दादानं काचेबाहेर बघत मान डोलावली. मी जिंकले होते. नेहमी जिंकल्यावर येतो तसा आनंदही मला झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

तो सगळा आठवडा घरात तोच विषय. जेवताना, चहा पिताना, सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्यावर. वजन किती, गोळ्या किती मावतात, घामानं गंजेल का, स्कूटरवर बसताना टोचेल का. दादाला तिकडे किती रुपये पडणार ते तो सांगायचा आणि हे सवयीनं त्याचे दिरहॅम करून "महाग आहे हो" म्हणायचे. घ्यायचं की नाही, हे मात्र त्या आठ दिवसांत कुणाच्या तोंडून निघालं नाही. आम्ही फक्त कुठलं घ्यायचं, ते बोलत होतो. निवडत बसलं की घ्यायचं ठरलेलंच असतं. माझ्या घरात वस्तू अशाच विकत घेतल्या जायच्या.

एकदा जेवताना माझ्या लेकीनं, ती तेव्हा चौथीत होती, पानातून मान वर काढून विचारलं, "मम्मी, इज मामा गोइंग टू शूट समवन?"

"गप जेव. होमवर्क झालाय का?" मी म्हणाले.

दादाचा घास हातातच राहिला होता. तो काहीतरी बोलणार होता. मी घाईघाईनं त्याच्या पानात आमटी वाढली, आणि तो विषय तिथेच संपला.

खिशाची कल्पनाही माझीच. पट्टा, चामड्याचं कव्हर, हे सगळं बाहेरून दिसतं. मी घरी शिलाई करायचे, आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे. दादासाठी मी जाड सुती कापडाची बंडी शिवली, शर्टाच्या आत घालायची. डाव्या काखेखाली तिरका खिसा, आतून कॅनव्हास, म्हणजे वजनानं ओघळणार नाही. मापाला तर पिस्तूल नव्हतं. मग खजुराच्या एका पाकिटाला वर्तमानपत्र गुंडाळून, चिकटपट्टी लावून आम्ही साधारण तेवढं, तेवढ्याच वजनाचं पुडकं केलं. ते खिशात घालून, वर बुशशर्ट चढवून दादाला मी खाली पिटाळलं. तो किराणावाल्याकडे गेला, इडलीच्या हॉटेलात चहा प्यायला, ओळखीच्या एका जोडप्याशी बोलला. कुणाला काही कळलं नाही. हे टाळी देऊन म्हणाले, "खलास! कस्टमवालेसुद्धा फसतील!" मी तर सातव्या आसमानात होते.

एवढ्यात दादा म्हणाला, "पण काढताना अडकतंय गं."

तो आरशापुढे उभा राहून उजवा हात आत घालून बघत होता. पुडकं खिशाच्या तोंडाशी, शिवणीला अडत होतं. मी बंडी त्याच्या अंगातून काढून घेतली, शिवण उसवली आणि खिशाच्या तोंडाला आतून सॅटिनची पट्टी लावली. कुणाच्या तरी परकराचा उरलेला निळा तुकडा होता. "आता बघ."

दादानं हात घातला आणि काढला. पुडकं लोण्यातून निघावं तसं बाहेर आलं. तो फ्रिजकडे ते रोखून उभा होता. हे हसले, लेक हसली, मीही हसले. दादा तेवढा हसला नाही. हातातल्या त्या खजुराकडे तो जरा वेळ बघत राहिला आणि मग त्यानं पुडकं माझ्या हातात दिलं. "सोड आता, खाऊन टाका," म्हणाला. जाताना त्याच्या बॅगेत तीन बंड्या होत्या, इस्त्री करून ठेवलेल्या.

परत गेल्यावर त्यानं पिस्तूल घेतलं. धमक्यांचे फोन चालूच होते, मधूनमधून. मी दर शुक्रवारी फोन करायचे आणि आडून आडून विचारायचे, "बंडी बरोबर बसते ना?" तो "हो" म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आले, तर दादा गॅलरीत पाठमोरा उभा होता, आंघोळ करून, साइटवर जायच्या तयारीत. खाली रस्त्याकडे बघत होता. लहानपणी मी त्याच्या मागून जाऊन दोन्ही हातांनी डोळे झाकायचे आणि तो मुद्दाम चुकीची नावं घ्यायचा, शेजारच्या काकूंची, पोस्टमनची. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण माहेरी पहिल्या सकाळी अंगात काय संचारतं ते सांगता येत नाही. चवड्यांवर चालत गेले आणि त्याचे डोळे झाकले.

तो गर्रकन वळला. मला त्याचा हात आत जाताना दिसलाच नाही. दिसलं ते थेट पिस्तूल, माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर. आणि त्याच्यामागे दादाचा चेहरा. तो माझ्या दादाचा चेहरा नव्हता. त्या डोळ्यांना मी कोण आहे ते माहीत नव्हतं.

मग माहीत झालं. त्यानं पिस्तूल कसंबसं परत आत घातलं आणि तिथेच कठड्याला टेकून बसला. मीही त्याच्याशेजारी बसले. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय गं, काय झालं? चहा ओतू का?"

"ओत," मी म्हणाले. माझा आवाज साधा निघाला, याचंही मला नंतर वाईट वाटलं.

दादानं शर्टाची बटणं लावली. मला बरं वाटावं म्हणूनच असेल, त्याला जन्मभर तीच खोड, तो खालच्या आवाजात म्हणाला, "खिसा मात्र मस्त शिवलायस हं. हात कुठेही अडकत नाही."

रिव्हॉल्व्हर असतं, पट्ट्यात असतं, दादाला हवं होतं तसं सगळ्यांना दिसणारं असतं, तर त्याचा हात तिथवर जाऊन, बटण सोडवून, ते जड धूड बाहेर काढेपर्यंत त्याला बहीण ओळखू आली असती. एवढा एक क्षण त्याच्याकडे राहिला असता. तो मी काढून घेतला होता, निळ्या सॅटिनच्या तुकड्यानं. उद्या मी नसेन, माझी लेक मामाच्या पाठीवर उडी मारेल, किंवा साइटवरचा एखादा मजूर मागून खांद्याला हात लावेल. रात्रभर मला झोप आली नाही.

निघायच्या दिवशी दादानं जुन्या बंड्या दाखवल्या. घामानं काखेत विरल्या होत्या. "अजून दोन शिवून पाठवशील?" म्हणाला. नजर चुकवून म्हणाला.

"टाकून दे ना रे ते," मी म्हणाले. अखेर म्हणाले, पण बंड्यांकडे बघत म्हणाले.

"आता कसं टाकू? मागच्याच आठवड्यात फोन आला होता."

करामात परत आल्यावर मी कापड आणलं, बंड्या बेतल्या, खिसे लावले. पट्टी लावायची राहिली. पट्टी लावली नाही, तर एखाद्या दिवशी दादाचा हात अडकेल आणि समोर खरंच मारेकरी असेल. लावली, तर समोर कोण आहे ते त्याला वेळेवर कळणार नाही. दुपारभर मी मशीनपुढे बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा मला निवडता येत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं, कारण निवडून देणारी मीच होते.

लेक शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "हू इज दॅट फॉर?"

"मामासाठी," मी म्हणाले, आणि मशीनवर पाय ठेवला. या वेळी सॅटिन पांढरं होतं.