भाऊंचा धरलेला श्वास

दुपारच्या जेवणानंतरची वेळ मोठी लबाड असते. हेमांगीने नुकतंच रिकाम्या गॅस सेलचं, म्हणजे वायू भरायच्या नळीचं, मोजमाप यंत्राला लावून दिलंय. आधी रिकाम्या नळीतून अवरक्त किरण सोडायचे, मग नळीत वायू भरून पुन्हा सोडायचे, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरतो तो त्या वायूचा आलेख. यंत्र बारीक घरघरतंय. टेबलावर कोपर, कोपरावर डोकं, आणि डोळे कधी मिटतात ते बाईसाहेबांना कळतही नाही.

"यंत्र चालू हाय का गं?"

दारात भाऊ उभे आहेत. भाऊ म्हणजे तिचे वडील, तासगावच्या शाळेतले पी.टी.चे माने सर. गेल्या दिवाळीआधी वारले. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. एवढं विचारून ते गाल फुगवतात आणि श्वास धरून उभे राहतात.

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. भाऊ एकदाच तिची प्रयोगशाळा बघायला आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पण पायात हेच बूट आणि गळ्यात हीच शिट्टी. लेकीचं यंत्र वाकून बघताना ते "वा!" म्हणाले आणि ही चारचौघांत खेकसली, "भाऊ, तोंड बाजूला करा! तुमचा श्वास दिसतो त्यात." विद्यार्थी फिदीफिदी हसले. भाऊही हसले, मग उरलेला वेळ बाहेर बाकावर बसून राहिले. तेव्हापासून फोनवर त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, यंत्र चालू हाय का. जन्मभर पोरांना 'श्वास घ्या, श्वास सोडा' शिकवत आलेल्या माणसाला पोटच्या पोरीने काय शिकवावं!

"सोडा ना आता, भाऊ."

ते बोटाने मागे दाखवतात. यंत्रामागे शाळेचं मैदान आहे, फक्कीच्या पांढऱ्या रेघा आहेत, रांगेत उभी पोरं आहेत आणि सगळ्यांचे गाल फुगलेले. शिट्टी आता हेमांगीच्या हातात आहे. ती जीव खाऊन फुंकते, पण आवाजच फुटत नाही. भाऊंचा चेहरा जांभळा पडत चाललाय. असाच तो तिने दवाखान्यात पाहिलाय, आणि तेव्हाही तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"यंत्राचं निमित्त होतं, भाऊ," ती रडत म्हणते. "हवा काय, दहा मिनिटांत निवळली असती. मला तुमची लाज वाटली. त्या बुटांची, त्या शिट्टीची."

भाऊ मान डोलावतात. त्यांना ठाऊक होतं.

"माझं चुकलं. सोडा, भाऊ."

ते सोडतात. लांबलचक, बडीशेपेच्या वासाचा श्वास. मागे सगळं मैदान सुस्कारतं.

"बरं वाटलं बघ," भाऊ म्हणतात.

हेमांगी जागी होते तेव्हा रिकाम्या नळीचं मोजमाप संपलेलं असतं. ती डोळे पुसते, नळीत वायू भरते, मोजते. वायूच्या रेघा जागच्या जागी आहेत. पण जिथे माणसाच्या श्वासाची, कार्बन डायऑक्साइडची जोड टेकाडं उठतात, तिथे आज दोन खड्डे पडलेत. पहिल्या मोजमापाच्या वेळी यंत्रापाशी कुणी श्वास सोडत असेल आणि दुसऱ्या वेळी ते माणूस तिथे नसेल, तरच असे खड्डे पडतात.

झोपेत माझाच श्वास यंत्रात गेला असेल, असं ती स्वतःला समजावते. पण ती तर आताही तिथेच बसलीय.

नियमाने हा आलेख पुसून पुन्हा मोजायला हवं. तिचं बोट बटणावर जातं, आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं की सवयीने तिनेही श्वास धरलाय. ती बोट मागे घेते, यंत्रावर वाकते आणि श्वास सोडते.