सोन्याला चिकटलेलं

आमचे आप्पा पांडेसऱ्यातल्या कापडाच्या मिलमध्ये रंग कालवतात. डिंडोलीला घरी येण्याआधी तिथेच हायड्रोची पावडर हातांवर चोळतात. रंग क्षणात उडतो. सगळे कारागीर तसंच करतात. पण रंग उडतो म्हणजे तुटतो, आणि काही रंग तुटले की त्यातून बिनरंगाचं, विषारी अमाइन निघतं, त्याने मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो, हे मी एम.एस्सी.ला शिकले. तेव्हापासून त्यांचे स्वच्छ हात बघून मलाच भीती वाटायची. त्यात त्यांच्या जोडीच्या काकांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. मी आप्पांना रबरी हातमोजे आणून दिले आणि हात धुतलेलं पाणी बाटलीत भरून मागितलं.

ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं. टोकाला सोन्याची टिकली असलेली कांडी पाण्यात बुडवायची आणि व्होल्टेज हळूहळू चढवायचं. अमाइन असेल तर सोन्यावर त्याचं ऑक्सिडेशन होतं, आणि संगणकावरच्या रेषेला उंचवटा येतो. पहिल्याच फेरीत तो आला. दुसऱ्या फेरीत तो निम्मा झाला, चौथ्या फेरीत रेष सपाट. पहिल्या वेळी काहीतरी कचरा असणार, असं मी ठरवूनच टाकलं. घाबरले की मला हवं ते लगेच पटतं. संध्याकाळी आप्पांना सांगितलं, पाण्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी रेषा पाहिल्या.

"सोनुं घस्युं हतुं?"

फेऱ्यांच्या मध्ये मी सोनं घासलंच नव्हतं. अमाइन सोन्याला चिकटतं, त्याचा थर बसतो आणि मग सोन्याला पुढचं काही कळत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी टिकली पांढऱ्या भुकटीवर घासली आणि उरलेल्या पाण्यात बुडवली. उंचवटा कालच्याच जागी उभा. एवढ्यावरून खात्री होत नाही, असं मॅडम सांगत होत्या, पण मी जिना उतरत होते.

आप्पांचा फोन लागेना. रिक्षात मी सगळा रस्ता स्वतःला शिव्या घालत होते, आणि रडू येत होतं.

मिलच्या वॉचमनने आत सोडलं. रबरी मोजे खुंटीला टांगलेले होते. आप्पा कोपरापर्यंत हात घालून पिंपातला रंग ढवळत होते.

"आप्पा, मोजे का काढले?"

"तूच सांगं व्हतं ना," ते हसून म्हणाले, "पानीमा काय बी नई शे."