श्वास विकतचा, बाकी सगळं घरचं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या घरी, कपडे वाळत घालत होते. "तुझा दादा गेला गं," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठल्या पाण्यात?" ती म्हणाली, "पाण्यात नाही. घरात. चहा पिता पिता छातीत कळ आली." इतकी वर्षं मी ज्या फोनला भीत आले, तो आला तेव्हा त्यात पाणी नव्हतंच.

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. मित्रांबरोबर मालवणला गेला, तिथे स्कूबा शिकला, आणि समुद्र त्याच्या डोक्यात बसला. विकतचं सामान महाग, शिवाय हात स्वस्थ बसणारे नव्हते. मग गच्चीवर शिसं वितळवून, पाण्याखाली राहायला कमरेला बांधतात त्या पट्ट्याची वजनं ओतायची, पाइपच्या तुकड्याची टॉर्चची मूठ करायची, असं सुरू झालं. हवेच्या नळकांड्याला आणि तोंडात धरायच्या यंत्राला मात्र तो हात लावत नसे. म्हणायचा, "श्वास विकतचा, बाकी सगळं घरचं." लोक हसायचे. मला हसू येत नसे. तो मालवणला गेला की परतल्याचा फोन येईपर्यंत मला जेवण जात नसे.

एकदा कॅम्प दोनच्या बाजारात नायलॉनचा पट्टा संपला होता. दुकानदार म्हणाला, "ये भी उतनाही मजबूत है साईं, ले जाओ." दादाने तो सुती पट्टा आणला, वजनांचे चार पट्टे शिवले, तीन मित्रांना दिले. चौथा स्वतः बांधून पाहायला आम्ही बदलापूरजवळ वहिनीच्या माहेरच्या विहिरीवर गेलो. बेत साधा होता. श्वास रोखून खाली जायचं, अडचणीत करावं लागतं तसं एका हाताने बक्कल उघडायचं, पट्टा सोडून वर यायचं. छातीला बांधलेल्या दोरीचं टोक माझ्या हातात होतं.

तो खाली गेला. बुडबुडे आले, मग थांबले. दोरीला एक हिसका बसला, पाठोपाठ दुसरा... आणि दोरी सैल पडली. वहिनीने माझ्या हातावर हात ठेवून ओढायला सुरुवात केली तेव्हा कुठे माझे हात चालले. दोघींनी त्याला पायरीपर्यंत आणलं. चेहरा राखेसारखा, पट्टा कमरेला तसाच. पाण्याने कापड फुगून बक्कलमध्ये घट्ट बसलं होतं. वहिनीने विळ्याने ते कापलं.

त्याने उलटी केली, श्वास घेतला, आणि पहिलं म्हणाला, "फोन दे." ओल्या हातांनी तीन मित्रांना फोन लावले. "पट्टा बांधू नकोस. चुकलंय माझं." दोघांनी उचलला. तिसरा मालवणला गेला होता, त्याचा फोन बंद. दादा विहिरीच्या काठावर तसाच ओला बसून राहिला. अंग पुसू देईना, चहा घेईना. मी त्याला घाबरलेलं पहिल्यांदा पाहत होते, आणि मला माझ्या भीतीपेक्षा त्याची भीती सोसवत नव्हती. "तो उतरला असेल का गं?" त्याने एकदाच विचारलं. मी पुन्हा तोच नंबर लावला.

ऊन कलल्यावर फोन वाजला. "पाणी गढूळ होतं रे, बोट निघालीच नाही," मित्र सांगत होता. दादाने फोन खाली ठेवला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. वहिनी म्हणाली, "आता पुरे."

पट्टे शिवणं त्याने सोडलं नाही. पण त्यानंतर शिवलेला प्रत्येक पट्टा अंबरनाथच्या घराच्या बाल्कनीत बादलीभर मिठाच्या पाण्यात भिजत पडायचा. बक्कल पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही.

परवा मी वहिनीकडे गेले तर एक पट्टा अजून तिथेच भिजतोय. पाणी आटलं की वहिनी वरून घालते. किती दिवस ठेवायचा, म्हणते, हे त्यांनी सांगितलंच नाही... बक्कल उघडतं का ते पाहावं म्हणून मी बाह्या सारल्या, बादलीशी वाकले. पण पाण्यात हात घालवेना.